काय सोडायचे, काय राखायचे



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी या परिसरातल्या वायरमनच्या कित्येक तुकड्या घडवल्या. सर्किट चालते कसे हे शिकवण्याआधी ते थांबेल कसे हे शिकवावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे स्मरण करायचे तर याच विषयावर बोलले पाहिजे. म्हणून जास्तीचा प्रवाह, जास्तीचा भार आणि जास्तीचा दाब यांपासून घर, शेत, रुग्णालय आणि गाव कसे राखायचे, हा विषय मी आज घेतला आहे.

विजेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ती येते कधी, जाते कधी, बिल किती, नवी जोडणी केव्हा मिळणार. पण बिघाड झाला तर ती कुठे आणि किती वेळात थांबेल, हे आपण दुर्घटना घडल्यावरच विचारतो. शॉर्ट सर्किट झाल्यावर हाताशी असलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका असतो. तेवढ्यात पापणीही मिटून होत नाही. त्यामुळे निर्णय आधीच घेऊन तो तारेत, पट्टीत आणि स्प्रिंगमध्ये बसवून ठेवावा लागतो. आणीबाणीत काय सोडून द्यायचे आणि काय राखायचे, हे शांत डोक्याने आधी ठरवणे म्हणजे विद्युत संरक्षण. माझे आजचे सगळे म्हणणे एवढेच आहे.

उष्णतेचा हिशेब

तारेतून प्रवाह गेला की तार तापते. किती तापते, याचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास प्रयोगांतून मांडला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, तिप्पट झाला तर नऊपट. घरातल्या तारेवरचे पीव्हीसीचे आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान वर्षानुवर्षे सोसते. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना आवरणाचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होत जाते.

एक साधा हिशेब करू. ६ अँपिअरच्या बोर्डाला एक्स्टेंशन लावून त्यावर २,००० वॅटची इंडक्शन शेगडी, १,५०० वॅटची किटली आणि १,००० वॅटची इस्त्री एकदम चालवली, तर २३० व्होल्टला जवळजवळ २० अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह सव्वातीनपट झाला, उष्णता मात्र दहापटींहून वाढली. तरीही त्या दिवशी आग लागेलच असे नाही, आणि हाच ओव्हरलोडचा खरा धोका आहे. तो आवरण आधी कडक करतो, मग ठिसूळ करतो, मग त्याला भेगा पाडतो. पुढे केव्हातरी भिंतीच्या आत दोन उघड्या तारा एकमेकींना भिडतात. पंचनाम्यात कारण म्हणून शॉर्ट सर्किट लिहिले जाते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. त्यामागे कित्येक महिने चाललेला ओव्हरलोड कुणी लिहीत नाही.

शॉर्ट सर्किटचा स्वभाव याच्या उलट आहे. तिथे महिने नसतात, क्षण असतो. १०० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह दर फेजला सुमारे १३३ अँपिअर असतो. त्याच रोहित्राच्या तोंडाशी तारा भिडल्या तर तो ३,००० अँपिअरच्या आसपास जातो. मोठ्या गृहसंकुलातल्या ६३० केव्हीएच्या रोहित्राजवळ हा आकडा पंधरा ते वीस हजारांपर्यंत पोचतो. एक शत्रू हळू येतो आणि एक झडप घालतो. दोघांनाही ओळखणारे साधन हवे.

फ्यूजपासून एमसीबीपर्यंत

मुद्दाम एक जागा कमकुवत ठेवायची, ही कल्पना घरगुती विजेच्या दिव्याहून जुनी आहे. पॅरिसच्या लुई ब्रेगे यांनी १८४७ मध्ये तारायंत्राची कार्यालये विजांच्या कडकडाटापासून वाचवण्यासाठी मार्गात बारीक तार घालायला सुचवले. वीज पडली तर ती बारीक तार वितळावी आणि आतले यंत्र वाचावे. पुढे थॉमस एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घरोघरी वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा लवकर वितळणारी सुरक्षा-तार त्याच्या व्यवस्थेचा भागच होती.

आपल्याकडच्या जुन्या घरांत आणि डीपीवर, म्हणजे रोहित्राच्या खांबावर, दिसणारा चिनीमातीचा किटकॅट फ्यूज त्याच कुळातला. त्यात ५ अँपिअरसाठी कल्हई केलेली तांब्याची ०.२ मिलिमीटरची तार असते. तिच्या जागी कुणी जुन्या वायरमधले तांब्याचे केस पिळून घातले की फ्यूज उडणे थांबते आणि घरच्यांना वाटते, काम झाले. पण कमकुवत जागा नाहीशी झालेली नसते, ती फक्त सरकलेली असते. चिनीमातीच्या खोबणीत जे वितळायचे ते आता भिंतीतल्या पाइपात किंवा माळ्यावरच्या लाकडी पट्टीत वितळणार असते. साखळीत सर्वांत कमकुवत कडी कुठेतरी असणारच. ती आपण ठरवलेल्या जागी आहे की नशिबाने ठरवलेल्या, एवढाच प्रश्न उरतो.

कारखान्यांतला एचआरसी फ्यूज याहून पुढचा. चिनीमातीच्या नळीत चांदीची किंवा तांब्याची खाचा पाडलेली पट्टी असते आणि भोवती गारगोटीची बारीक वाळू ठासून भरलेली असते. पट्टी वितळली की तिथे ठिणगीची कमान उभी राहते. वाळू ती उष्णता शोषता शोषता स्वतः वितळून काचेसारखी होते आणि कमान विझते. शॉर्ट सर्किटचा प्रवाह आपल्या पहिल्या शिखरावर पोचण्याआधी, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आतच, हा फ्यूज त्याला अडवू शकतो.

फ्यूज एकदा गेला की बदलावा लागतो, आणि बदलताना माणूस मोहात पडतो. यावर १९२४ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम इथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने उत्तर काढले. एकाच छोट्या डबीत त्यांनी दोन पहारेकरी बसवले. एक म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, जी तापली की हळूहळू वाकते. दुसरी चुंबकीय गुंडाळी, जी मोठा प्रवाह येताच क्षणात खटका ओढते. पट्टी ओव्हरलोडसाठी, गुंडाळी शॉर्ट सर्किटसाठी. आज घराघरांत असलेला एमसीबी तोच.

एमसीबीवर छापलेला मजकूर कसा वाचायचा, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. 'सी १६' असे लिहिलेले असेल तर तो १६ अँपिअर कायम वाहू देतो. १८ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडत नाही. २३ अँपिअरच्या पुढे प्रवाह गेला तर तासाच्या आत पडतोच. ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान कुठेतरी तो क्षणात पडतो. 'बी' प्रकाराचा याहून आधी, तिप्पट ते पाचपटीला पडतो. 'डी' प्रकाराचा दहा ते वीसपटीला पडतो, कारण तो सुरू होताना जबरदस्त प्रवाह ओढणाऱ्या यंत्रांसाठी असतो. खाली चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. जास्तीत जास्त एवढ्या अँपिअरचा शॉर्ट सर्किट आपण तोडू शकतो, अशी ती त्या डबीची ग्वाही असते. संकुलाच्या रोहित्राशेजारच्या पॅनेलमध्ये स्वस्तातला ६००० चा एमसीबी बसवला, तर ऐन प्रसंगी तो तोडण्याऐवजी स्वतःच फुटू शकतो.

मघाशी सांगितलेल्या पिळलेल्या तारेचा आजचा अवतारही सांगतो. १६ चा एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२ चा आणून बसवणे. भिंतीतली तार मात्र तीच. एमसीबी उपकरण बघून निवडायचा नसतो, तार बघून निवडायचा असतो, कारण तो तारेचा रक्षक आहे.

छतावर सौर पॅनेल आल्यापासून एक नवी अडचण आली आहे. आपल्या घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या प्रत्येक शून्यावर ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेलमधून येणारा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. तिथे एसीचा एमसीबी लावला तर कमान तशीच जळत राहू शकते. शिवाय पॅनेलचा शॉर्ट सर्किटचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडासाच जास्त असतो, त्यामुळे बिघाड झाला आहे हे फ्यूजला अनेकदा कळतच नाही. सौर यंत्रणा बसवणाऱ्याकडे डीसीसाठीच बनवलेल्या साधनांचा आग्रह धरा.

तार राखणे आणि माणूस राखणे

आतापर्यंत जे सांगितले ते तारेच्या रक्षणाविषयी होते. माणसाचा हिशेब निराळा आहे, आणि आपल्याकडचा सर्वांत जीवघेणा गैरसमज इथेच आहे. घरात एमसीबी आहेत, म्हणजे शॉकपासून आपण सुरक्षित आहोत, असे सुशिक्षित माणसेही मानतात.

ओल्या अंगाच्या माणसाचा रोध १,००० ते २,००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्या शरीरातून ११५ ते २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. म्हणजे पाव अँपिअरही नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, आणि हृदयाचे ठोके विस्कटायला एवढा प्रवाह पुरून उरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून दाखवले की सरासरी १६ मिलिअँपिअरला पुरुषाच्या हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली तार सोडता येत नाही. स्त्रियांमध्ये ही सरासरी साडेदहाच्या आसपास आहे. शॉक लागलेला माणूस तार का सोडत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

याच ज्ञानातून गळती ओळखणारे साधन आले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत १९५० च्या दशकात हेन्री रुबिन यांनी आणि १९६१ मध्ये अमेरिकेत डॅल्झील यांनी त्याला रूप दिले. त्याचे तत्त्व अगदी साधे आहे. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला, तर उरलेला कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातो आहे. फरक ३० मिलिअँपिअरला पोचला की हे साधन, म्हणजे आरसीसीबी, सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत वीज तोडतो, फरक मोठा असेल तर त्याहून कितीतरी लवकर.

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्युरोच्या २०२१ च्या अहवालात देशभरात विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंची नोंद बारा हजारांहून अधिक आहे. पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेला हात लागून आई गेली, तिला ओढायला धावलेला मुलगाही गेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. असे अनेक मृत्यू काही हजार रुपयांच्या आरसीसीबीने टळू शकतात.

त्याच्या मर्यादाही सांगतो. नुसता आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही, म्हणून जोडीला एमसीबी लागतोच. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर गेलेला आणि आलेला प्रवाह सारखाच राहतो आणि त्याला काही कळत नाही. तो सारखा पडत असेल तर बहुतेक वेळा गिझरचे एलिमेंट फुटलेले असते, भिंतीत ओल असते किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. हे शोधायला वायरमनला वेळ लागतो. त्या वेळाची मजुरी आनंदाने द्या, पण आरसीसीबी बायपास करायला त्याला सांगू नका.

न्यूट्रल तुटतो तेव्हा

आता जास्तीच्या दाबाकडे वळू. गल्लीतल्या सगळ्या घरांतले टीव्ही, फ्रिज, पंखे एका संध्याकाळी एकदम जळाले, हा प्रकार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लोक म्हणतात, हाय व्होल्टेज आला. बहुतेक वेळा वरून जास्तीचे काही आलेले नसते. खांबावरचा न्यूट्रल तुटलेला असतो.

आपल्याला तीन फेज आणि एक न्यूट्रल अशी वीज मिळते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. न्यूट्रल जोडलेला आहे तोवर प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. तो तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकामागे एक अशी जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ही वाटणी समान होत नाही. एका घरात १०० वॅटचा जुना दिवा आणि दुसऱ्यात २,००० वॅटचा गिझर चालू असेल, तर दिव्याच्या वाट्याला ३८० व्होल्ट येतात आणि गिझरच्या वाट्याला २०. ज्याचा वापर कमी त्याचे नुकसान अधिक. एमसीबी इथे गप्प राहतो, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेला की वीज तोडणारे वेगळे साधन मिळते, ते मुख्य बोर्डावर बसवावे. त्याहून आधी रोहित्राचा न्यूट्रल नीट जोडलेला आणि अर्थिंग केलेला आहे ना, हे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

आकाशातली वीज हा दाबाचा दुसरा प्रकार. जवळ वीज पडली की तारांवर काही हजार व्होल्टची लाट सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाते. तिला वाट करून देण्यासाठी झिंक ऑक्साइडची चकती वापरतात. तिचा हा गुण जपानच्या मात्सुशिता कंपनीतले संशोधक मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस शोधला. नेहमीच्या दाबाला ही चकती प्रवाह जवळपास अडवून धरते, दाब वाढला की दार उघडते आणि लाट जमिनीत सोडते. पण जमिनीत सोडायला जमीन जोडलेली हवी. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला असेल तर अशा चकतीचे महागातले सर्ज अरेस्टरही निरुपयोगी ठरते. चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यात पाणी घालणे हे घरातल्या कुणाचे तरी ठरलेले काम असावे.

डीपीचा प्रश्न

आता मी ज्या विषयाकडे येतो आहे तो माझ्या मनाला सर्वांत लागलेला आहे. आपल्या शेतातली डीपी वारंवार का जळते?

६३ केव्हीएचे रोहित्र दर फेजला सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते. पाच एचपीचा पंप चालू असताना सात-आठ अँपिअर घेतो. म्हणजे दहा-अकरा पंप त्यावर नीट चालावेत. प्रत्यक्षात नोंदलेले, न नोंदलेले आणि आकडे टाकलेले मिळून कितीतरी जास्त असतात. पण हे अर्धेच कारण झाले.

शेतीची वीज अनेकदा रात्री येते. काळोखात विंचूकाट्याच्या, सापाच्या, आणि जुन्नर-नाशिककडे बिबट्याच्या भीतीने विहिरीवर कोण जाणार? म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. त्याचे वागणे अगदी रास्त आहे. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. दहा पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर ८४ अँपिअरच्या रोहित्रावर ४५० अँपिअरची मागणी येते. दाब कोसळतो. दाब कोसळला की मोटरींना वेग घेता येत नाही, आणि वेग येत नाही तोवर प्रवाह उतरत नाही. मग किटकॅट उडतो. उभा कांदा पाण्यावाचून सुकताना दिसतो, लाइनमन दुसऱ्या गावात असतो, तेव्हा कुणीतरी फ्यूजच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार बांधतो. आता सर्वांत कमकुवत कडी रोहित्राच्या पोटात गेली. गुंडाळ्यांचे आवरण जळते, तेल खराब होते, आणि जो खोळंबा तासाभराचा होता तो आठवडाभराचा होतो.

ज्याने जाड तार बांधली त्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. तो आपले पीक राखत होता. फ्यूज उडतो त्याची कारणे दूर केली, तरच जाड तारेची गरज संपेल. प्रत्येक ऑटोस्विचला वेगवेगळा उशीर लावून द्यावा, पहिला पंप लगेच, दुसरा अर्ध्या मिनिटाने, तिसरा मिनिटाने. यासाठी एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकदा बांधावर बसून क्रम ठरवायला हवा. प्रत्येक मोटरला योग्य कपॅसिटर लावला तर लाइनवरचा प्रवाह सुमारे एक पंचमांशाने उतरतो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावून ठेवावा, तो पिन घालून अडकवू नये. एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजांवर मोटर पावणेदोनपट प्रवाह ओढते आणि काही मिनिटांत जळते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर हवा. रिवाइंडिंगच्या एका फेरीच्या खर्चात तो येतो.

व्यवस्थेनेही आपला वाटा उचलला पाहिजे. महाराष्ट्रात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आली. तिच्यात एकदोन शेतकऱ्यांमागे एक छोटे रोहित्र दिले जाते. संरक्षणाच्या दृष्टीने तिचा गुण मोठा आहे. बिघाड झाला तर तो एकदोन शेतांपुरता राहतो, आणि रोहित्र आपले आहे म्हणून जाड तार बांधायला हात धजत नाही. दिवसा वीज मिळाली तर ऑटोस्विचची गरजच कमी होईल. शेतकऱ्याला दिवसा वीज देणे हा सोयीचा प्रश्न आहे, तितकाच तो संरक्षणाचाही आहे.

काय तुटू नये

प्रत्येक बिघाडाला वीज तोडणे हे उत्तर नसते. आग विझवणाऱ्या पंपाच्या मोटरला ओव्हरलोड झाला तरी तिला थांबवत नाहीत. मोटर जळाली तरी चालेल, इमारत वाचली पाहिजे, असा तो निर्णय आहे. लोखंड उचलणाऱ्या विद्युतचुंबकाच्या सर्किटलाही ओव्हरलोडसाठी तोडणारे साधन टाळतात, कारण प्रवाह तुटला तर टनावारी लोखंड खाली माणसांवर पडेल.

अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहात तर श्वास देणारे यंत्रच बंद पडणे परवडत नाही. तिथे जमिनीपासून अलग ठेवलेला रोहित्र-पुरवठा देतात. पहिला बिघाड झाला तर वीज तुटत नाही, घंटा वाजते, आणि दुसरा बिघाड होण्याआधी दुरुस्त करायला वेळ मिळतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात अर्भक कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर रुग्णालयांच्या विद्युत तपासणीची भाषा सगळ्यांच्या तोंडी आली. तपासणीच्या कागदावर सही असते. त्या सहीमागे कुणीतरी प्रत्येक पॅनेल उघडून, तारेला हात लावून, गळती मोजून बघितले आहे का, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे.

एकदा ठरवून भागत नाही

शेवटचा मुद्दा मोठ्या ग्रिडचा. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी कॅनडात नायगाराजवळच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या पाच वाहिन्यांपैकी एकीवरचा रिले पडला. वाहिनीत काही बिघाड नव्हता. रिलेची मर्यादा काही वर्षांपूर्वी ठरवलेली होती, त्यानंतर भार वाढत गेला होता आणि मर्यादा तीच राहिली होती. पडलेल्या वाहिनीचा भार उरलेल्या चार वाहिन्यांवर गेला, त्याही पडल्या, आणि न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले.

३० जुलै २०१२ च्या पहाटे आपल्याकडे जे झाले त्याचे याच्याशी जवळचे नाते आहे. बिना ते ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी भाराने इतकी दडपली होती की तिच्या संरक्षक रिलेने तो भार म्हणजे दूरचा बिघाड असे मानले आणि वाहिनी तोडली. उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तीन ग्रिडे कोसळली आणि साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. अशा प्रसंगासाठी ग्रिडमध्ये एक शेवटची व्यवस्था असते. वारंवारिता घसरू लागली की ठरवलेले काही भाग आपोआप सोडून द्यायचे आणि बाकीचे ग्रिड राखायचे. त्या दोन दिवशी हा भार पुरेसा सुटला नाही. थोडे सोडले गेले नाही, म्हणून सगळे गेले.

किटकॅट फ्यूजपासून चारशे केव्हीच्या वाहिनीपर्यंत नियम एकच आहे. काय सोडायचे हे आधी ठरलेले नसेल, तर आणीबाणी स्वतः ठरवते, आणि ती नेहमी जास्त मागते. आणि ठरवलेले पुन्हा पुन्हा तपासले नाही, तर कालचे संरक्षण उद्याचा धोका होते. घरात नवा एसी आला, शेतात दोन पंप वाढले, रुग्णालयात दहा यंत्रे आली, की मर्यादांचा हिशेब नव्याने मांडला पाहिजे.

म्हणून जाताना आपल्याकडे तीन गोष्टी मागतो. आज घरी गेल्यावर मुख्य बोर्डावर आरसीसीबी आहे का बघा. असेल तर त्यावरचे 'टी' अक्षराचे बटण दाबा. तो पडला नाही तर उद्याच परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि दर तीन महिन्यांनी हे बटण दाबत जा. दुसरे, आपल्या डीपीवर किती पंप आहेत, रोहित्र किती केव्हीएचे आहे आणि ऑटोस्विचचा क्रम काय, हा तक्ता येत्या ग्रामसभेत मांडा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. तिसरे, एमसीबी पडला किंवा फ्यूज उडाला की मोठा आणण्याआधी का पडला हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थोडा वेळ अंधारात बसायची तयारी ठेवा. तो थोडा वेळ हीच आपण सोडून द्यायची गोष्ट आहे. घर, पीक आणि माणूस राखण्यासाठी ही किंमत फार लहान आहे.